तरुणांची तरबियत आणि हजरत उसामा (रजि.) यांच्या हाती दिलेला ध्वज

सिल्लोडमध्ये मिरचीचा हंगाम सुरू झाला की शाळेच्या पटावरील काही मुले बाजारात दिसू लागतात. खेड्यापाड्यांतून माल येतो, पोती भरायची असतात, ट्रकवर चढवायची असतात आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात एका रात्रीत रोख पैसे पडतात. घराला त्या पैशांची गरज असते, म्हणून यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. खंत वेगळी आहे. हंगाम संपतो, मुलगा शाळेत परतत नाही. जुम्याच्या दिवशी तो मशिदीत शेवटच्या रांगेत उभा राहतो आणि सलाम फिरताच निघून जातो. तू शाळेत का परतला नाहीस, असे विचारणारा एकही वडीलधारा त्याला भेटत नाही. भेटतात ते टोकणारे : केस असे का कापले, टोपी कोठे आहे, रात्री उशिरापर्यंत चौकात काय करत होतास.

आपल्याकडे खिदमत म्हटली की रमजानमधील किराणा-वाटप, गरीब मुलींचे विवाह, रुग्णांना मदत ही कामे डोळ्यांसमोर येतात. ती मोठ्या पुण्याची कामे आहेत. तथापि एखाद्या तरुणाला हाताशी धरून दहा वर्षे त्याच्याबरोबर चालणे, हेही खिदमतीतच मोडते आणि ते फार थोड्यांच्या वाट्याला येते. कारण त्याची पावती फाडता येत नाही आणि जलशात त्याची घोषणाही होत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हे काम कसे केले, ते एकाच तरुणाच्या चरित्रातून पाहू या.

हजरत उसामा बिन जैद (रजि.) हे प्रेषितांच्या (स.) घरातच वाढले. त्यांचे वडील हजरत जैद बिन हारिसा (रजि.) एके काळी गुलाम होते, तर आई उम्मे ऐमन (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) लहानपणी सांभाळले होते. उसामा लहान असताना प्रेषित (स.) त्यांना एका मांडीवर आणि आपले नातू हजरत हसन (रजि.) यांना दुसऱ्या मांडीवर बसवीत आणि दोघांसाठी एकच दुआ मागत. बुखारी शरीफमध्ये हे आले आहे. ज्या समाजात वंशावरून माणसाची किंमत ठरत होती, त्या समाजात एका मुक्त गुलामाच्या मुलाला हा मान मिळत होता. तरबियतीचा आरंभ येथून होतो. मुलगा जवळचा वाटला पाहिजे आणि आपण जवळचे आहोत हे त्यालाही कळले पाहिजे.

मात्र या चरित्रातील पुढचा भाग आपल्या व्याख्यानांत बहुधा गाळला जातो. उसामा (रजि.) यांच्या हातून चूक झाली, आणि तीही लहानसहान नव्हे. एका मोहिमेत शत्रुपक्षातील एक माणूस तलवारीखाली सापडला असता त्याने कलमा उच्चारला. जीव वाचविण्यासाठी तो असे म्हणत आहे, असा समज करून उसामा (रजि.) यांनी त्याला ठार केले. मदीनेत ही गोष्ट कळली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना कठोर शब्दांत जाब विचारला आणि तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत राहिले. उसामा (रजि.) स्वतः सांगत की, त्या क्षणी मला वाटले, मी त्या दिवसापूर्वी इस्लाम स्वीकारलाच नसता तर किती बरे झाले असते! पुढे मक्काविजयाच्या वेळी मखजूम या प्रतिष्ठित घराण्यातील एका स्त्रीने चोरी केली. तिच्यासाठी रदबदली कोण करणार? प्रेषितांच्या (स.) लाडक्या उसामांना लोकांनी पुढे केले. अल्लाहने घालून दिलेल्या मर्यादेच्या बाबतीत शिफारस करतोस काय, अशी कानउघाडणी झाली. उसामा (रजि.) यांनी क्षमायाचनेची विनंती केली.

दोन वेळा चुकलेला हा तरुण. आपल्यापैकी कोणी एखाद्या संस्थेचे विश्वस्त असते, तर त्याच्या नावापुढे काय शेरा लिहिला असता, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा.

प्रेषितांनी (स.) काय केले? हिजरी सन 10 मध्ये अखेरच्या हजच्या वेळी अरफातहून मुजदलिफाकडे निघताना त्यांनी आपल्या उंटिणीवर मागे उसामांना बसविले. हजारो लोकांच्या देखत त्यांना मिळालेली ही जागा होती. त्यानंतर काही महिन्यांतच, हिजरी सन 11 मध्ये, शामकडे जाणाऱ्या सैन्याचे सेनापतिपद त्यांना देण्यात आले. त्याच दिशेला, मूता येथे, हिजरी सन 8 मध्ये त्यांचे वडील शहीद झाले होते. उसामांचे वय तेव्हा अठरा ते वीस वर्षांच्या दरम्यान होते आणि त्यांच्या हाताखाली मुहाजिर व अन्सारमधील ज्येष्ठ सहाबा होते. लोकांमध्ये कुजबुज झाली. प्रेषित (स.) आजारी होते, तरीही डोक्याला पट्टी बांधून ते मिंबरवर आले आणि त्यांनी सांगितले की, याच्या वडिलांच्या नेतृत्वावरही तुम्ही असाच आक्षेप घेतला होता, तेही त्या पदाला लायक होते आणि हाही लायक आहे.

प्रेषितांच्या (स.) निधनानंतर हजरत अबू बकर (रजि.) यांच्यासमोर पुन्हा तीच सूचना आली : वयाने मोठा सेनापती नेमावा. त्यांनी ती ठामपणे नाकारली. सैन्य निघाले तेव्हा उसामा (रजि.) घोड्यावर होते आणि मुस्लिमांचे खलीफा त्यांच्या बाजूने पायी चालत होते. आपण तरी स्वार व्हावे किंवा मला उतरू द्यावे, असे उसामा (रजि.) म्हणाले. खलीफांनी दोन्ही गोष्टींना नकार दिला. इतकेच नव्हे, हजरत उमर (रजि.) यांची मदीनेत गरज होती, म्हणून त्यांना मागे ठेवण्याची परवानगी खलीफांनी त्या तरुण सेनापतीकडे मागितली. आज्ञा करण्याचा पूर्ण अधिकार असलेल्या माणसाने मागितलेली ती परवानगी होती. सैनिकांनी हे पाहिल्यावर उसामांच्या वयाविषयी बोलण्यासारखे काय उरले असेल?

आणि त्या कठोर जाबाचे काय झाले? तो उसामा (रजि.) आयुष्यभर विसरले नाहीत. पुढे मुस्लिमांमध्ये आपसात युद्धे झाली, तेव्हा हजरत अली (रजि.) यांच्याविषयी मनापासून प्रेम असूनही ते त्या लढायांपासून दूर राहिले.

आता आपल्या महाराष्ट्रातील, आपल्याच काळातील एक उदाहरण. मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी (रहमतुल्लाह अलैह) हे मूळचे गुजरातमधील सुरत जिल्ह्याचे. सहारनपूरच्या मजाहिर उलूममध्ये त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि भरूच जिल्ह्यातील कंथारिया येथे अध्यापन केले. 1979 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा येथे त्यांनी जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमचा पाया घातला. त्या वेळी त्यांचे वय एकोणतीस होते. आरंभी तेथे सहा विद्यार्थी आणि एक शिक्षक होते. सहाच विद्यार्थी! आपल्याकडे सभेला सहा माणसे आली तर सभा रद्द होते.

त्याच अक्कलकुव्यात पुढे हिफ्ज व आलिमच्या वर्गांबरोबर अध्यापक, औषधनिर्माण, अभियांत्रिकी आणि युनानी वैद्यकाचे शिक्षण सुरू झाले. आपल्या मराठवाड्यात जालना जिल्ह्यातील बदनापूरजवळ वरुडी येथे संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय आणि नूर रुग्णालय उभे आहे. कुरआन कंठस्थ करणारा मुलगा पोटासाठी कोणापुढे हात पसरणार नाही, याची व्यवस्थाही गुरूनेच पाहावी, असा या सर्व रचनेमागील विचार दिसतो. माझ्या मते मौलानांच्या कार्यातील हीच बाब सर्वांत मोलाची आहे. 2011 च्या जानेवारीत दारुल उलूम देवबंदचे मोहतमिमपद त्यांच्याकडे आले आणि वादंगानंतर जुलैमध्ये गेले. वृत्तपत्रांना ते सहा-सात महिनेच अधिक ठाऊक आहेत. मौलाना अक्कलकुव्याला विद्यार्थ्यांकडे परतले आणि 4 मे 2025 रोजी अल्लाहच्या भेटीस जाईपर्यंत त्या कामाशी जोडलेले राहिले.

एवढी मोठी संस्था प्रत्येकाला उभारता येत नाही, हे खरे. म्हणून आमच्या मोहल्ल्यातील एक साधी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी रमजानमध्ये मशिदीतील इफ्तारच्या जमाखर्चाची वही एका वयस्कर सदस्यांनी बारावी नापास झालेल्या एका मुलाकडे सोपविली. समितीत नाराजी होती. मीही नाराजांपैकीच होतो. विसाव्या रोजाला हिशेबात तीनशे चाळीस रुपये कमी भरले. बोलण्यासाठी आम्हाला आयतेच निमित्त मिळाले. तरावीहनंतर सर्वजण गेल्यावर ते वडीलधारे त्या मुलाला घेऊन सहनमध्ये बसले आणि एकेक नोंद त्यांनी त्याच्याकडूनच वाचून घेतली. बर्फाचे पैसे दोनदा दिले गेले होते आणि एकदाच लिहिले गेले होते. मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतः बर्फवाल्याकडे गेला आणि जास्तीचे पैसे परत घेऊन आला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने बारावीचा फॉर्म पुन्हा भरला. वही आजही त्याच्याकडेच आहे.