कार्यसंस्कृती आणि कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता

संस्थेचे काम खालावले की दोष प्रथम कर्मचाऱ्यांच्या माथी मारला जातो. ‘माणसेच कामाची नाहीत’ असे म्हटले की विचार तेथेच थांबतो. हा समज तपासून पाहण्याजोगे एक उदाहरण औद्योगिक इतिहासात उपलब्ध आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. गैरहजेरी, तंटे आणि निकृष्ट उत्पादन यांमुळे तो बदनाम झाला व १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी ‘नम्मी’ या संयुक्त कंपनीद्वारे तो पुन्हा सुरू केला. बहुसंख्य कामगार जुनेच होते, कामगार संघटनाही जुनीच होती. बदलली ती व्यवस्थापनाची रीत. अधिकारी व कामगार एकाच उपाहारगृहात जेवू लागले. दोष दिसताच दोरी ओढून मदत मागण्याचा, प्रसंगी उत्पादन थांबविण्याचा अधिकार साध्या कामगारालाही मिळाला. पुढे गैरहजेरी झपाट्याने घटली आणि मोटारींचा दर्जा जपानी कारखान्याच्या जवळ पोहोचला. ही रीत जनरल मोटर्सच्या अन्य कारखान्यांत रुजविणे मात्र कठीण गेले. दोरी कोठेही टांगता येते. ती ओढणाऱ्याचे आभार मानणारा वरिष्ठ घडवावा लागतो.

येथे दोन संज्ञांमधील भेद ध्यानी घ्यावा. संस्थेत मुरलेली मूल्ये व रीती म्हणजे कार्यसंस्कृती. त्यांचा कर्मचाऱ्याला येणारा नित्याचा अनुभव म्हणजे कार्यवातावरण. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा उत्तम नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद अधिक आढळली. तेथे चूक निर्भयपणे सांगता येत होती, असे त्यांनी दाखवून दिले.

निवासी शाळेला हा विचार विशेष लागू पडतो. धान्याला कीड लागल्याचे स्वयंपाकिणीने, टाकीचे पाणी गढूळ असल्याचे कामाठ्याने, एखादे मूल अबोल झाल्याचे अधीक्षकांनी भीतीपोटी सांगितले नाही, तर त्या मौनाची किंमत मुले मोजतात. वेतन वेळेवर मिळणे आवश्यकच आहे. परंतु आपले म्हणणे ऐकले जाते, या विश्वासावाचून मन लावून काम होत नाही.

म्हणून पालकांनी शाळेत येताना निकालाची चौकशी अवश्य करावी. सोबत येथील शिपाई मुख्याध्यापकांशी मोकळेपणाने बोलतो काय, हेही पाहावे. अधिकारपदी पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न आपल्या कचेरीत स्वतःला विचारावा, अशी आमची विनंती आहे.