परदेशातील सहामाही

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका सायंकाळी एक गृहस्थ आमच्या घरी आले. त्यांची कन्या आमचीच जुनी विद्यार्थिनी. ती बेळगावी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकत होती, आणि एका सत्रापुरते जर्मनीतील विद्यापीठात शिकण्याची संधी तिला चालून आली होती. ओली छत्री कोपऱ्यात ठेवीत त्यांनी विचारले, "सर, सहा महिन्यांत तिथे असे काय मिळणार, जे इथे मिळत नाही? पदवी तर इथलीच मिळायची. शिवाय कर्ज काढावे लागणार ते वेगळेच."

आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले, ते आठवले की आजही संकोच वाटतो. "जग पाहायला मिळेल," असे काहीसे आम्ही बोललो. त्यांनी मुकाट्याने चहा घेतला आणि ते निघून गेले. ज्या माणसाला कर्जाचा हप्ता मोजावयाचा आहे, त्याला 'जग पाहणे' हे उत्तर पुरणार नव्हते. विद्यार्थीमित्रहो, त्या दिवशी जे सांगता आले नाही, ते या अंकाच्या निमित्ताने सांगण्याचा यत्न करीत आहोत.

प्रथम ही पद्धत काय आहे ते थोडक्यात पाहू. विद्यार्थी आपल्या विद्यापीठातच नाव ठेवून एक सत्र परक्या देशातील विद्यापीठात काढतो. तेथे मिळविलेले गुण इकडील पदवीत धरले जातात. युरोपात या पद्धतीला मोठी चालना मिळाली ती १९८७ साली सुरू झालेल्या 'इरॅस्मस' योजनेमुळे. देशोदेशी हिंडून विद्या करणाऱ्या डच पंडिताचे नाव तिला दिलेले आहे. पहिल्या वर्षी अकरा देशांतील ३,२४४ विद्यार्थी तिचा लाभ घेऊन गेले. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली केलेल्या नियमांत भारतीय आणि परकीय विद्यापीठांनी मिळून चालवावयाच्या काही अभ्यासक्रमांची सोय केली. त्यांपैकी एका प्रकारात अभ्यासाचा तीस टक्क्यांपर्यंतचा भाग परदेशी पुरा करता येतो. व्यवस्थेविषयी इतके पुरे. मूळ प्रश्न लाभाचा आहे, आणि त्याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात सापडत नाही.

ते आम्हांस सापडले ते चोर्ला घाटापलीकडे, गोव्यात, साखवाळ या गावी जन्मलेल्या एका माणसाच्या चरित्रात. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ सालचा. घरची भाषा कोकणी, शिक्षण मराठीतले आणि तेही थोडकेच. तरुणपणी ते घरची नारळाची बागाईत सांभाळीत. 'बालबोध' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्या चरित्राने त्यांच्या मनाची पकड घेतली. मुलांच्या मासिकातील एक लेख! (शाळेच्या अंकासाठी लिहावयास बसलो की आम्हांस या गोष्टीचा मोठा धीर येतो.) १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यास गेले, ग्वाल्हेरीस गेले, काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धाच्या जन्मभूमीची ओढ त्यांना नेपाळपर्यंत घेऊन गेली, पण तेथे पदरी निराशाच पडली. ज्या भाषेत बुद्धाचा उपदेश जतन झाला, ती पाली भाषा नीट शिकविणारा गुरू त्यांना कोठे भेटेना. अखेर १९०२ साली ते सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस गेले आणि कोलंबो येथील विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी शिकू लागले.

येथे क्षणभर थांबून आपण त्यांची स्थिती डोळ्यांसमोर आणू. वय पंचविशी उलटलेले. काशीत संस्कृताचा अभ्यास झालेला, म्हणजे शास्त्री म्हणून मिरविण्याइतकी पुंजी गाठीशी होती. आणि आता भोवतालची सिंहली भाषा कळत नाही, अन्न परके, लिपी परकी. पालीला स्वतःची अशी लिपी नाही; ज्या देशात ती गेली तेथील अक्षरे तिने घेतली. तेव्हा पाली शिकावयाची तर आधी सिंहली अक्षरे गिरवावी लागणार. मोठ्या माणसाने पुन्हा बिगरीच्या वर्गात बसावे, तसाच हा प्रकार. आमच्या मते परदेशी अध्ययनाचा पहिला लाभ येथे आहे. आपण अडाणी आहो हे तेथे लपविता येत नाही. आपल्या गावी, आपल्या भाषेत, आपल्या माणसांत, न कळलेली गोष्टही कळल्यासारखे करून वेळ मारून नेता येते. परक्या ठिकाणी तोंड उघडले की अज्ञान उघडे पडते, आणि एकदा उघडे पडले की विचारण्याची लाज सुटते. लाज सुटली की शिकणे सुरू होते.

सिंहलद्वीपातला त्यांचा मुक्काम साधारण वर्षभराचाच. पुढे ते ब्रह्मदेशात गेले आणि तेथील लिपीशीही त्यांचा परिचय झाला. या दोन लिप्यांचे फळ कोठे मिळावे? तर थेट अमेरिकेत. हार्वर्ड विद्यापीठात हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची संशोधित प्रत तयार करण्याचे काम हाती घेतले होते. १८९९ साली त्याच्या मृत्यूने ते अपुरे राहिले. त्या कामी सिंहली आणि ब्रह्मी अशा दोन्ही देशांतील हस्तलिखिते ताडून पाहणे अवश्य होते. १९१० साली त्यासाठी हार्वर्डला गेले ते आपले साखवाळचे कोसंबी, ज्यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती!

परंतु आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यांचे परतणे. हार्वर्डपूर्वीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले होते. महाराष्ट्रात राहून काम करावे, अशी अट होती. कलकत्त्याची अधिक लाभाची जागा सोडून त्यांनी हे पन्नास रुपये पत्करले. अमेरिकेहून १९१२ साली परतल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. पु. वि. बापट हे त्यांचे शिष्य. तेही पुढे हार्वर्डला जाऊन विद्वत्ता मिळवून आले. आणि १९४० साली कोसंबींनी 'विसुद्धिमग्ग' देवनागरी लिपीत छापविला. शिष्याला आधी सिंहली अक्षरे गिरविण्याचा जो खटाटोप स्वतःस करावा लागला, तो मागून येणाऱ्यांस करावा लागू नये! त्यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. त्यातील मराठी साधी आणि सरळ आहे.

आता दुसरा लाभ. तो सांगावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतके समर्थ उदाहरण दुसरे नाही. १९१३ साली बडोदे संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथून १९१६ साली लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना परतावे लागले आणि करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू व्हावे लागले. त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात नाव बदलून ते राहिले, आणि खरी जात कळताच त्यांना तेथून बाहेर काढण्यात आले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहो ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. विचार करा : जी गोष्ट येथे जन्मापासून निसर्गनियमासारखी माथी मारली जाते, ती तेथे नव्हतीच. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात बसावयास कोणी जात विचारीत नव्हते. म्हणजे ही रीत माणसांनी केलेली आहे, आणि माणसांनी केलेले माणसांना मोडता येते. पुस्तकात वाचून हे पटतेही. पण तशा हवेत काही वर्षे श्वास घेतलेल्या माणसाला ते पटवून द्यावे लागत नाही. १९२५ साली आपल्या निपाणीस भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान आंबेडकरांनी भूषविले, तेव्हा ही हवा आपल्या सीमाभागातही येऊन पोहोचली होती.

उलट बाजूचे एक उदाहरणही लक्षात ठेवावे, नाही तर तिकडचे सारे चांगले आणि इकडचे सारे वाईट असा समज व्हावयाचा. इरावती कर्वे बर्लिनला मानवशास्त्र शिकावयास गेल्या. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा संबंध वंशाच्या श्रेष्ठतेशी जोडता येईल, असा त्यांच्या गुरूंचा, ऑयगेन फिशर यांचा, तर्क होता. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली. तसा संबंध दिसेना. दिसत नाही तसे त्यांनी लिहिले आणि १९३० साली पदवी मिळविली. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या हाती आपली पदवी आहे त्या गुरूच्या मताविरुद्ध! परदेशी गेले म्हणजे मान तुकवावयास शिकावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

या लाभाची किंमतही पडते, आणि ती नेहमीच जाणाऱ्याने भरलेली असते असे नाही. कोसंबी घराबाहेर पडले तेव्हा त्यांची पहिली मुलगी तान्ही होती. पत्नी बाळाबाईंनी कित्येक वर्षे वाट पाहण्यात काढली. ज्ञानाचा इतिहास लिहिताना त्या वर्षांचा हिशेब कोणी मांडीत नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. परंतु तेथील थंडी आणि अन्नाचे हाल त्यांच्या प्रकृतीस सोसले नाहीत. क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, पुण्यास निवर्तल्या. आज विमान आहे, औषधे आहेत, रोज तोंड पाहून बोलण्याची सोय आहे. तरी ज्या घराला कर्ज झेपत नाही, त्याने ते केवळ प्रतिष्ठेसाठी काढावे असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

आता त्या विद्यार्थिनीकडे वळू. ती अखेर गेली. जर्मनीतील हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होऊन मार्चअखेर संपते. परत आल्यावर ती आम्हांस भेटली. तिचा पहिला रविवार उपाशी गेला, कारण त्या देशात रविवारी दुकाने कायद्यानेच बंद असतात, आणि हे तिला ठाऊक नव्हते. शनिवारी विचारले असते तर कळले असते. पण विचारावयाची लाज वाटली, असे ती म्हणाली. दुसऱ्या रविवारी ती उपाशी राहिली नाही! वर्गात कोणीही विद्यार्थी हात वर करून "हे मला पटले नाही" असे प्राध्यापकांस म्हणे, याचे तिला पहिला महिनाभर भय वाटे. तोंडी परीक्षेत "ठाऊक नाही" असे तिने प्रथमच म्हटले, आणि परीक्षकाने शांतपणे पुढचा प्रश्न विचारला.

परंतु आम्हांस विशेष वाटले ते निराळेच. तिच्यासोबत राहणाऱ्या मुलींनी तिला विचारले, "तुझे गाव कसे आहे? तिथे कोणती भाषा बोलतात?" आणि ती अडखळली. एकाच तालुक्यात मराठी, कानडी आणि कोकणी कशा, हे तिला सांगता येईना. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला मिळते आणि याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेकडे गोव्याला जाते, हे तिने नकाशा काढून दाखविले तेव्हा त्या मुली थक्क झाल्या. आणि खरे म्हणजे तीही थक्क झाली, कारण या दोन गोष्टी तिने तोवर एका ठिकाणी मांडून पाहिल्याच नव्हत्या. हलशी ही कदंबांची पलाशिका, हे आम्हीच तिला आठवीत शिकविले होते. ती हलशीला एकदाच गेली होती, सहलीला. परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती तेथे गेली आणि भूवराह नरसिंहाच्या देवळात दुपारभर वही घेऊन बसली.

हे ऐकताना आम्हांस आमचे बालपण आठवले. आमची घरची भाषा कोकणी. मराठी शाळेत पहिल्या आठवड्यात तहान लागली म्हणून आम्ही गुरुजींपाशी 'उदक' मागितले आणि सारा वर्ग खो खो हसला. मराठीत उदक सोडावयाचे असते, प्यावयाचे नसते, हे आम्हांस काय ठाऊक! त्या दिवशी फार रडू आले. पण 'पाणी' आणि 'उदक' हे दोन निराळे शब्द आहेत आणि दोन्ही आपले आहेत, हे आम्हांस जे कळले, ते हसणाऱ्या मुलांना कित्येक वर्षे कळले नाही. पुढे कानडी शिकू लागलो तेव्हा 'नीरु' भेटले, आणि ते मुळीच परके वाटले नाही.

परवा बाजारात ते गृहस्थ पुन्हा भेटले. कर्जाचे हप्ते चालू आहेत, मुलगी नोकरीस लागली आहे, तीच आता ते फेडते. बोलता बोलता त्यांनी धाकट्या मुलाचा विषय काढला. त्यालाही परदेशी जावयाचे आहे, बहिणीसारखे. आम्ही विचारले, "त्याला कानडी कितपत येते?" ते हसून म्हणाले, "दुकानात सामान आणण्यापुरती." सीमाप्रश्नाविषयी ज्याची त्याची मते असोत, पण शेजारच्या गल्लीत जी भाषा बोलली जाते ती मुलाला नीट येऊ नये, हे आम्हांस बरे वाटले नाही. दिवाळीच्या सुटीत त्याला धारवाडला कोणा ओळखीच्या कानडी कुटुंबात पंधरा दिवस ठेवून पाहा, असे आम्ही सुचविले. ते क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "त्याला तिथे काहीच कळणार नाही, सर."

"मग तर अवश्यच पाठवा," आम्ही म्हटले.