दुसरे बक्षीस कुणाचे?

समजा, अमळनेरला कबड्डीचे सामने भरले आहेत. आठ संघ आले आहेत. जिंकला तो पुढे, हरला तो घरी. या रीतीला बाद पद्धत म्हणतात. आधी चार सामने, मग दोन, मग एक. एकूण सात झाले. संघ कितीही असोत, सामने त्याहून एक कमीच होतात. कारण दर सामन्याला एक संघ बाद होतो आणि शेवटी एकच उरतो.

आता जोड्या कशा लावायच्या? कुणीही म्हणेल, चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीला डोळे नसतात, ती कुणाची बाजू घेत नाही. खरे आहे. पण समजा, चोपड्याचा संघ सर्वांत जोरदार आणि त्याच्या खालोखाल शिरपूरचा. चिठ्ठीत या दोघांचीच गाठ पहिल्या फेरीत पडली. शिरपूर सकाळीच बाद झाले. संध्याकाळी दुसरे बक्षीस कुणी तिसराच घेऊन गेला. मग भांडण होणार नाही तर काय?

हे क्वचित घडते असे समजू नका. पाटीवर आठ जागा आखा. चार वर, चार खाली. एक जागा चोपड्याची. उरल्या सात. त्यांतल्या तीन चोपड्याच्याच बाजूला आहेत. शिरपूरची चिठ्ठी त्या तिनांत पडली की त्यांची गाठ अंतिम सामन्याच्या आधीच पडणार. म्हणजे सातांत तीन वेळा शिरपूरच्या हक्काचे बक्षीस गेले!

इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे चार्ल्स डॉजसन नावाचे गणिती होते. टेनिसच्या सामन्यांत हाच अन्याय होतो, असे त्यांनी १८८३ साली हिशेब मांडून दाखवले. पुढे विंबल्डनच्या स्पर्धेत १९२७ पासून नामांकित खेळाडूंना आधीच क्रमांक देऊन दूर दूर ठेवू लागले. याला मराठीत मानांकन म्हणतात आणि इंग्रजीत सीडिंग. सीड म्हणजे बी. कपाशीची बी आपण अंतर राखून टोकतो ना, तसेच हे.

आठ संघांना बळाप्रमाणे १ ते ८ क्रमांक द्या. वरच्या बाजूला १ विरुद्ध ८ आणि ४ विरुद्ध ५. खालच्या बाजूला २ विरुद्ध ७ आणि ३ विरुद्ध ६. प्रत्येक जोडीची बेरीज करून पाहा. ९ येते. वरचढ संघ जिंकत गेले तर पुढच्या फेरीत बेरीज ५ येईल, शेवटी ३. तक्ता बरोबर लावला की नाही, हे ताडण्याची ही सोपी खूण आहे.

महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्यांत गादी आणि माती असे दोन विभाग असतात. दोन्हींचे विजेते शेवटी भिडतात. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा तीनदा हा किताब मिळवला. पण सर्वांत तगडे दोन पैलवान एकाच विभागात असले, तर त्यांची अंतिम कुस्ती काही होणार नाही. नुसते दोन भाग पाडले म्हणजे मानांकन झाले असे नव्हे.

क्रमांक मात्र मागच्या निकालांवरून द्यावेत आणि सामन्यांच्या आधी फळ्यावर लावावेत. यजमान गावाने आपलाच नंबर पहिला लावला, तर त्यापेक्षा चिठ्ठ्या बऱ्या. आठव्या संघाला पहिल्याच दिवशी सर्वांत बलवान गडी मिळतात, ही त्याची तक्रार खरी आहे. तिला आमच्याकडे उत्तर नाही. पण क्रमांक म्हणजे निकाल नव्हे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट यांना मानांकन नव्हते. पहिलीच कुस्ती जपानच्या युई सुसाकीशी पडली. सुसाकी तोवर परदेशी पैलवानाकडून कधी हरली नव्हती. विनेशने तिला शेवटच्या काही सेकंदांत हरवले. पुढे वजनामुळे विनेश अंतिम कुस्तीला मुकल्या, ती गोष्ट निराळी. ऑलिंपिकच्या कुस्तीत अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून जे हरले, त्यांना कांस्यपदकासाठी आणखी एक संधी देतात. पहिल्याच फेरीत हरलेली सुसाकी त्या वाटेने कांस्यपदक घेऊन गेली.