घोट्याजवळची न भरणारी जखम

जखमेवर खपली धरते आणि काही दिवसांत ती भरून येते, हा आपला नेहमीचा अनुभव. पण काही माणसांच्या घोट्याजवळ साधे खरचटले तरी व्रण होतो आणि तो महिनोन्महिने भरत नाही. असे का व्हावे?

कधी कधी याचे उत्तर रक्तात सापडते. वर्धा जिल्ह्यासह विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोचवते. या आजारात त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. फरक एवढाच, पण प्राणवायू देऊन झाला की असे रेणू एकमेकांस चिकटतात आणि वाटोळी, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर बनते.

घोट्याजवळचे रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढते, म्हणून तेथे प्रवाह मंद असतो. ताठर पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. प्राणवायूवाचून जखम भरणार कशी? १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या रुग्णाच्या पायांवरही जुन्या व्रणांचे वण होते. भारतीय रुग्णांत हे व्रण त्या मानाने कमी दिसतात. त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक टिकून राहते, हे त्याचे एक कारण मानतात.

रक्त गोठण्यास आवर घालणारी 'सी' किंवा 'एस' ही प्रथिने जन्मतः कमी असली, तरी पायाच्या खोल शिरांत गुठळ्या होतात, शिरांच्या झडपा बिघडतात आणि पुढे तसाच व्रण होऊ शकतो.

आता एक प्रयोग करा. दोन नाणी घ्या: एक आईचे, एक वडिलांचे. छापा म्हणजे निर्दोष जनुक, काटा म्हणजे सिकलसेलचे. दोन्ही नाणी एकदम शंभर वेळा उडवून नोंद ठेवा. दोन्ही काटे सुमारे २५ वेळा पडतील. आईवडील दोघेही वाहक असता, प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता अशी चारांत एक असते. वाहक मात्र सहसा धडधाकट असतो. आपण वाहक आहोत हे त्याला रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने या आजाराचा अभ्यास केला आहे. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीमही चालू आहे. तेव्हा घोट्याजवळची जखम भरत नसेल, तर नुसते मलम बदलत बसू नका; डॉक्टरांना दाखवा आणि रक्तही तपासून घ्या.