मोटारगाडीत वायू टर्बाइन : एका प्रयोगाचा अभ्यास

यंत्रयुगाच्या इतिहासात यशस्वी शोधांच्या कथा वारंवार सांगितल्या जातात. जे शोध यंत्र म्हणून यशस्वी झाले, परंतु व्यवहारात टिकले नाहीत, त्यांच्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः नियोजन, शिक्षण किंवा लोकप्रशासन यांच्याशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना अशा शोधांपासून अधिक शिकण्यासारखे असते. विमानाला शक्ती देणारे वायू टर्बाइन रस्त्यावरील मोटारगाडीत बसविण्याचा प्रयत्न हे अशा शोधांचे ठळक उदाहरण होय. ब्रिटन व अमेरिका या देशांत हा प्रयत्न सुमारे तीन दशके नेटाने चालला. त्यात कुशल अभियंते होते, पैसा होता, जनतेचे कुतूहलही होते. तरीही आज रस्त्यावर अशी मोटार दिसत नाही. असे का झाले, हे समजून घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वायू टर्बाइनची रचना

नेहमीच्या मोटारीच्या इंजिनात सिलिंडरमध्ये दट्ट्या वरखाली होतो. हवा आत घेणे, ती दाबणे, इंधन जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे त्याच सिलिंडरमध्ये एकामागून एक होतात. दट्ट्याची ही वरखाली हालचाल नंतर भुजादंडाच्या साहाय्याने चक्राकार गतीत बदलावी लागते.

वायू टर्बाइनमध्ये हीच चार कामे चार वेगळ्या जागी आणि अखंडपणे चालतात. अग्रभागी असलेले पात्यांचे चाक हवा ओढून दाबते. दाबलेली हवा ज्वलनकक्षात जाते. तेथे इंधनाची ज्योत सतत पेटलेली असते. तापून प्रसरण पावलेला वायू वेगाने बाहेर पडताना टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो आणि ते चाक फिरवितो. या शक्तीचा मोठा हिस्सा, सामान्यतः अर्ध्याहून अधिक, पुढचे दाबचाक फिरविण्यातच खर्च होतो. उरते ती शक्ती आपल्या उपयोगाची. ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व अडचणींचे मूळ येथेच आहे.

मोटारीसाठी बनविलेल्या टर्बाइनमध्ये सामान्यतः दोन स्वतंत्र चाके असतात. पहिले चाक दाबचाकाला जोडलेले असते. दुसरे गाडीच्या चाकांकडे शक्ती नेते. दोहोंमध्ये धातूचा कोणताही सांधा नसतो, केवळ वायूचा झोत असतो. त्यामुळे गाडी जागच्या जागी उभी असली तरी पहिले चाक फिरत राहते व इंजिन बंद पडत नाही. शिवाय गाडी स्थिर असतानाच चाके फिरविण्याचा जोर सर्वाधिक मिळतो. चढावर भरलेली गाडी हलविताना हा गुण किती मोलाचा ठरेल, हे सांगावयास नको.

ब्रिटनमधील आरंभ

फ्रँक व्हिटल या ब्रिटिश अभियंत्याने १९३० साली झोत इंजिनाचे पेटंट मागितले व १९३७ मध्ये असे इंजिन प्रत्यक्ष चालवून दाखविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचे इंजिन तयार करण्याच्या कामात मोटारी बनविणारी रोव्हर कंपनी सहभागी झाली होती. १९४३ मध्ये ते काम रोल्स-रॉईसकडे गेले. परंतु रोव्हरच्या अभियंत्यांना टर्बाइनची जी ओळख झाली ती कायम राहिली.

त्यातूनच मार्च १९५० मध्ये ‘जेट १’ ही जगातील पहिली टर्बाइन मोटार लोकांसमोर आली. ही दोन आसनांची उघडी गाडी होती. इंजिन आसनांच्या मागे बसविले होते. हवा घेण्याची द्वारे बाजूंना आणि धूर सोडण्याची द्वारे मागच्या भागावर होती. पहिल्या चाचण्यांत तिने ताशी सुमारे १४० किलोमीटरचा वेग गाठला. जून १९५२ मध्ये बेल्जियममधील याबेके येथील महामार्गावर सुधारलेल्या इंजिनाने हाच आकडा ताशी सुमारे २४५ किलोमीटरपर्यंत नेला. पेट्रोल, केरोसीन किंवा डिझेल यांपैकी कशावरही ती चालत असे. मात्र तिची इंधनाची भूक इतकी होती की, ती बाजारात आणण्याचा विचार पुढे जाऊ शकला नाही. ही मोटार पुढे लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन करण्यात आली.

रोव्हरने यानंतरही प्रयत्न सोडले नाहीत. १९६३ साली फ्रान्समधील ल मॉन्सच्या २४ तासांच्या शर्यतीत रोव्हर व बी.आर.एम. यांची टर्बाइन गाडी ताशी सरासरी सुमारे १७३ किलोमीटर वेगाने अखेरपर्यंत धावली. १९६५ साली ती पुन्हा उतरली तेव्हा तिच्यात धुरातील उष्णता परत मिळविणारे साधन बसविलेले होते. ती दहावी आली. तिचा इंधनखर्च पूर्वीच्या मानाने बराच कमी झाला होता; अर्थात या खेपेस तिचा वेगही कमी होता.

उष्णता परत मिळविण्याचा उपाय

टर्बाइनमधून बाहेर पडणारा वायू अत्यंत तप्त असतो. तो तसाच सोडून देणे म्हणजे जळलेल्या इंधनाचा मोठा भाग वाऱ्यावर उधळणे होय. मोठ्या प्रमाणावरील उपाय आपल्याच राज्यात पाहावयास मिळतो. उरण येथील वायू विद्युत केंद्रात टर्बाइनच्या तप्त धुरावर पाण्याची वाफ करून त्या वाफेवर आणखी वीज निर्माण करण्याची योजना आहे. मोटारीत वाफेचा संच ठेवता येत नाही. तेथे सावकाश फिरणारी, जाळीदार चकती वापरतात. चकतीचा एक भाग धुरात तापतो, तोच भाग फिरून थंड हवेच्या मार्गात येतो आणि आपली उष्णता तिला देतो. हवा आधीच तापल्याने ज्वलनकक्षात इंधन कमी लागते. धूरही इतका निवतो की, मागून येणाऱ्याला त्याचा चटका बसत नाही.

अमेरिकेतील लोकचाचणी

या विषयातील सर्वांत मोठा आणि अभ्यसनीय प्रयोग अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने केला. जॉर्ज ह्यूबनर यांच्या नेतृत्वाखाली तेथील अभियंत्यांनी १९५४ साली एका साध्या प्लिमथ मोटारीत टर्बाइन बसविले. १९५६ मध्ये अशीच गाडी न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंत, म्हणजे अमेरिका खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चालवीत नेण्यात आली.

१९६३ पर्यंत इंजिनाची चौथी पिढी तयार झाली. ते १३० अश्वशक्तीचे होते. वजन सुमारे १८६ किलो. त्याचे पहिले चाक मिनिटास जास्तीत जास्त सुमारे ४४,६०० फेरे घेई. त्यातील हलणाऱ्या भागांची संख्या नेहमीच्या इंजिनाच्या मानाने बरीच कमी होती. त्याला पाण्याचा रेडिएटर नव्हता. कडाक्याच्या थंडीतही ते सुरू होई. या इंजिनासाठी इटलीतील घिया या कारखान्यात गाड्यांचे सांगाडे तयार करून आणले गेले. एकंदर ५५ गाड्या बनल्या. त्यांपैकी ५० लोकचाचणीसाठी होत्या.

यापुढील टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. कंपनीने या गाड्या विकल्या नाहीत. हजारो अर्जांतून निवडलेल्या २०३ सामान्य नागरिकांना प्रत्येकी तीन महिन्यांसाठी त्या वापरावयास दिल्या. इंधनाचा खर्च तेवढा वापरणाऱ्याचा. ऑक्टोबर १९६३ ते जानेवारी १९६६ या काळात या गाड्या निरनिराळ्या राज्यांत, थंड व उष्ण प्रदेशांत, गृहिणी व नोकरदार अशा सर्वांच्या हातांत मिळून दहा लाख मैलांहून अधिक धावल्या. प्रत्येकाचा अनुभव नोंदवून घेण्यात आला.

गाडीला थरथर नाही, देखभाल कमी, थंडीत उब लगेच मिळते, असे लोकांनी सांगितले. त्याचबरोबर तक्रारीही स्पष्टपणे मांडल्या. पेडल दाबल्यावर गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबते. गाडी उभी असताना इंजिनाची शीळ कानांस खटकते. उंच प्रदेशात सुरू करताना अडचण येते. आणि इंधन अपेक्षेपेक्षा अधिक लागते. गंमत अशी की, केरोसीन वा डिझेलच नव्हे, तर वनस्पती तेलावरही चालू शकणाऱ्या या इंजिनाला त्या वेळी अमेरिकेत सर्वत्र मिळणारे शिसेयुक्त पेट्रोलच मानवत नव्हते. शिशाचे थर आतील भागांवर बसत. प्रयोग संपल्यावर ४६ गाड्या मोडीत काढण्यात आल्या. नऊ गाड्या संग्रहालयांसाठी व कंपनीकडे राखल्या गेल्या.

अडचण कोठे होती?

या तक्रारींची मुळे यंत्राच्या स्वभावातच होती.

पहिली गोष्ट वापराच्या पद्धतीची. विमान आकाशात चढले की तासन् तास जवळजवळ एकाच जोराने चालते. शहरातील मोटार चौकाचौकांत थांबते, पुन्हा सुटते आणि बहुतेक वेळ आपल्या शक्तीचा अल्पसा भागच वापरते. दट्ट्याचे इंजिन मंद चालविले की इंधनही पुष्कळ कमी घेते. टर्बाइनचे तसे नाही. क्रायस्लरचे इंजिन गाडी उभी असतानाही मिनिटास १८,००० हून अधिक फेरे घेत असे. हवा दाबण्याचे काम तेथे थांबविता येत नाही आणि त्या कामाचे इंधन जळतच राहते.

दुसरी गोष्ट वेळेची. पेडल दाबल्यावर आधी पहिल्या चाकाचा वेग वाढावा लागतो. मग वायूचा झोत वाढतो. त्यानंतर दुसरे चाक जोर धरते. क्रायस्लरने हा विलंब एक-दीड सेकंदापर्यंत खाली आणला. तथापि, समोरून ट्रक येत असताना दुसऱ्या गाडीला ओलांडणाऱ्यास एक सेकंदही मोठा असतो.

तिसरी गोष्ट आकाराची. पाते आणि भोवतालचे आवरण यांत थोडी फट ठेवावीच लागते. प्रचंड टर्बाइनमध्ये ती फट नगण्य ठरते. लहान टर्बाइनमध्ये त्याच फटीतून वायूचा मोठा हिस्सा निसटतो. म्हणून विद्युत केंद्रात काटकसरी ठरणारे यंत्र लहान केल्यावर काटकसरी राहत नाही.

चौथी गोष्ट धातूची. वायू जितका तप्त, तितके टर्बाइन कार्यक्षम. परंतु सतत लालबुंद तापलेल्या स्थितीत हजारो फेरे सहन करणारे मिश्रधातू महाग असतात. विमानाच्या किमतीत ते सामावतात, मोटारीच्या नाही.

प्रदूषण आणि तेलसंकट

१९७० साली अमेरिकेने हवेच्या शुद्धतेविषयी कडक कायदा केला. टर्बाइनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन अत्यल्प असते, म्हणून आशा पुन्हा पालवली. सरकारी निधीही मिळाला. परंतु नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेत राहीनात. हवा जितकी तापवून ज्वलनकक्षात सोडावी, तितकी ही ऑक्साइडे अधिक निर्माण होतात. म्हणजे इंधन वाचविणारी चकतीच धुराचा दोष वाढविणारी ठरली. त्यातच १९७३ चे तेलसंकट कोसळले आणि इंधनाची काटकसर हीच मोटारीची पहिली कसोटी बनली. १९७९ मध्ये क्रायस्लर आर्थिक संकटात सापडून सरकारी कर्जहमीच्या आश्रयास गेली व टर्बाइन मोटारीचे कामही लवकरच थांबले.

योग्य स्थान

याचा अर्थ टर्बाइन निरुपयोगी ठरले असा नव्हे. ते आपल्या योग्य स्थानी गेले. विमाने, जहाजे, विद्युत केंद्रे व तेलवाहिन्यांवरील पंप येथे ते उत्तम काम देते. अमेरिकेच्या एम-१ रणगाड्यात १९८० पासून १,५०० अश्वशक्तीचे टर्बाइन आहे. तेथे जोर व हलकेपणा यांना प्राधान्य असल्याने अधिक इंधन लागणे पत्करले गेले.

मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार कंपनीने २०१० साली ‘सी-एक्स ७५’ ही नमुना गाडी सादर केली. तिची चाके विजेच्या मोटरींवर फिरत. दोन लहान टर्बाइनकडे वीज निर्माण करण्याचे काम होते. ही कल्पना विचारपूर्वक होती, कारण त्यात टर्बाइनला त्याच्या स्वभावाप्रमाणे एकसारख्या वेगाने चालता येते. तथापि, पुढील आराखड्यात टर्बाइनची जागा दट्ट्याच्या लहान इंजिनाने घेतली आणि २०१२ मध्ये ती योजनाही सोडून देण्यात आली.

या अभ्यासातून मिळणारे बोध

कोणतेही साधन निवडताना ते कमाल शक्तीवर काय करते, एवढेच पाहून भागत नाही. रोजच्या वापरात ते कोणत्या भारावर चालणार, हे पाहिले पाहिजे. गावाच्या पाणीपुरवठ्यासाठी गरजेपेक्षा मोठा पंप बसविला की विजेचे देयक का फुगते, याचे उत्तर याच तत्त्वात आहे.

दुसरे असे की, मोठा खर्च करण्यापूर्वी साधन सामान्य माणसाच्या हाती देऊन, पुरेसा काळ आणि निरनिराळ्या परिस्थितींत त्याची परीक्षा घ्यावी. चाचणीच्या मैदानावर जे दिसले नाही, ते गाडी वापरणाऱ्या २०३ नागरिकांनी दाखवून दिले. त्यांच्या तक्रारी कंपनीने नोंदविल्या, हेच त्या प्रयोगाचे खरे यश होय.

शिक्षकांना या विषयातून विज्ञान आणि अर्थशास्त्र यांची सांगड सहज घालता येईल. उष्णता, दाब व गती यांचे नियम समजावून सांगताना, तेच नियम इंधनाचे देयक कसे ठरवितात, हे विद्यार्थ्यांना दाखविता येते. साधन चांगले की वाईट, या प्रश्नापाशी न थांबता ते कोणत्या कामासाठी, कोणत्या जागी आणि किती खर्चात चांगले, हे विचारण्याची सवय त्यांना लागली, तर या अयशस्वी मोटारीचा आपल्यालाही उपयोग झाला, असे म्हणता येईल.