दहा संगणक लावले की काम दहापट वेगाने होतं का?

'डिस्ट्रिब्युटेड कम्प्युटिंग' म्हणजे एक काम अनेक संगणकांना वाटून देणं, असं आपण मुलांना सांगतो. व्याख्या बरोबर आहे. पण मुलं त्यावरून लगेच ठरवतात, की संगणक दुप्पट केले की वेळ निम्मा. हे डोक्यातून काढायचं तर आधी फळ्यावर हिशेब मांडा.

समजा, एका माणसाला 100 मिनिटं लागणारं काम आहे. त्यातलं 90 मिनिटांचं काम वाटता येतं. उरलेली 10 मिनिटं, म्हणजे भाग पाडणं आणि शेवटी सगळं जुळवणं, एकट्यानेच करावी लागतात. 9 जण लावले तर 10 अधिक 10, झाली 20 मिनिटं. 90 जण लावले तर 10 अधिक 1, म्हणजे 11. माणसं दहापट वाढली आणि वाचली फक्त 9 मिनिटं! हजार जण आणा, 10 च्या खाली काही जाता येत नाही. जीन ॲम्डाल यांनी 1967 मध्ये हा मुद्दा मांडला, म्हणून याला ॲम्डालचा नियम म्हणतात. तेव्हा नवे संगणक घेण्याआधी ती 10 मिनिटं कमी होतात का, हे पाहायचं.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. मतमोजणी मुलांनी टीव्हीवर पाहिलेली असते. अनेक टेबलांवर एकाच वेळी मोजणी चालते, पण फेरी पूर्ण होते ती सर्वांत हळू टेबलाचं काम संपल्यावर. तिथे ते योग्यच आहे, कारण वेगापेक्षा विश्वास महत्त्वाचा. संगणकांच्या बाबतीत मात्र ज्याचं काम संपलं त्याला लगेच पुढचा तुकडा द्यावा. तुकडे फार मोठे नकोत, फार बारीकही नकोत. नाहीतर काम कमी आणि देणंघेणंच जास्त.

देणंघेणं किती महत्त्वाचं, हे पुण्यात दिसलं. 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' तयार केला. (काटेकोर बोलायचं तर तो समांतर संगणक, पण अडचण तीच.) त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या चिप होत्या आणि प्रत्येक चिपला शेजारच्या चिपशी थेट बोलायला चार जोडण्या होत्या. म्हणजे एकमेकांशी बोलण्याची सोय चिपमध्येच होती.

आता बिघाड. आपल्या पनवेलमध्ये 2020 साली योट्टाचं मोठं डेटा सेंटर सुरू झालं. अशा ठिकाणी इतकी यंत्रं असतात, की त्यातलं एखादं कधीही बंद पडू शकतं, हे धरूनच आखणी करावी लागते.

वर्गात हे असं करून पाहा. वर्तमानपत्राची पानं गटांना वाटा आणि 'आणि' हा शब्द किती वेळा आला ते मोजायला सांगा. मध्येच एका मुलाला त्याच्या पानासकट हळूच बाहेर पाठवा. एकूण बेरीज फळ्यावर आली, की विचारा: एक पान राहिलंय, हे कसं ओळखाल? आणि सगळं पुन्हा न मोजता तेवढंच पान मोजायचं, तर वाटताना कुठे काय लिहून ठेवायला हवं होतं?