गुणपत्रिका आणि विद्यापीठाचे द्वार

शालान्त परीक्षेत ९५ टक्के गुण मिळविणाऱ्यास जगातील अग्रगण्य विद्यापीठात प्रवेश मिळेलच, असा समज पालकांत आढळतो. वस्तुस्थिती अशी की, हार्वर्डच्या पदवी अभ्यासक्रमास अर्ज करणाऱ्या १०० जणांपैकी सुमारे चौघांनाच आज प्रवेश मिळतो. गुण उंबरठ्यापर्यंत नेतात. पुढे पाहिले जाते ते विद्यार्थ्याने आपणहून काय वाचले, कशाचा ध्यास घेतला आणि निकटचे शिक्षक त्याच्याविषयी काय लिहितात. ‘सुशील व कष्टाळू’ एवढेच सांगणारे शिफारसपत्र (आपल्याकडे बहुधा तेवढेच असते!) निरुपयोगी ठरते.

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. लंडनमधील प्रवेशासाठी प्रा. सेलिग्मन यांची शिफारस होती. तथापि शिष्यवृत्तीची मुदत संपताच, १९१७ मध्ये, तेथील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बुद्धी कोठेच उणी नव्हती. अडले ते द्रव्य. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

आज हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन येथे प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्याची ऐपत पाहिली जात नाही. साहाय्य गरजेनुसार मिळते. पदव्युत्तर शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. आपल्या वसतिगृहातील कितीजणांना हे ठाऊक आहे? परदेशी शिकून आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपले अर्ज व निबंध शाळेच्या ग्रंथालयात ठेवावेत. नववीच्या मुलांनी ते वाचावेत.